देतो की देते

नोकरीतली बरीच वर्षं मी पुरुष होते. घरून साडी नेसून निघायची, काचेच्या खोलीत जाऊन कानांना हेडफोन लावायची, आणि समोरचा दिवा लागला की कधी मंत्री व्हायची, कधी विरोधी बाकावरचा तापट सदस्य, तर कधी पहिल्यांदाच उभा राहिलेला, पाणी पिऊन पिऊन बोलणारा नवा खासदार. सुट्टी झाली की परत बाई, भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून भांडायला मोकळी.

मी दिल्लीत सभागृहात दुभाषी होते. कुणी हिंदीत किंवा इंग्रजीत बोलत असेल तर ते त्याच क्षणी मराठीत सांगायचं, आणि आपल्याकडचा कुणी मराठीत बोलायला उभा राहिला तर ते हिंदीत सांगायचं. सभागृहाच्या वरच्या अंगाला आमच्या काचेच्या खोल्या. आम्हाला सगळे दिसायचे, आमच्याकडे मात्र कुणी मान वर करून बघत नसे. बघायचं कारणही नव्हतं. नळाला पाणी येतंय तोवर टाकीकडे कोण बघतं?

लोकांना वाटतं, वाक्य ऐकायचं, थांबायचं, मग सांगायचं. तसं नाही. आमचं तोंड आणि कान एकाच वेळी चालतात. बोलणारा पुढे धावत असतो आणि आपण अर्धं वाक्य मागून पळत असतो. इंग्रजीत 'नाही' वाक्याच्या तोंडाशीच येऊन उभं राहतं, मराठीत ते अगदी शेवटी येतं. म्हणजे नकार आपल्याला आधीच कळलेला असतो, पण तो तोंडात धरून सबंध वाक्य पार करावं लागतं, मगच तो खाली ठेवता येतो. या कसरतीमुळे आम्ही दोघं-दोघं बसायचो आणि आळीपाळीनं बोलायचो. माझे जोडीदार होते पाटणकर. पुण्याचे, वयानं माझ्याएवढेच, खिशात कायम लवंगा ठेवणारे.

या धंद्याचा पहिला नियम असा की दुभाष्यानं 'मंत्री म्हणतात' असं कधी म्हणायचं नाही. मंत्री जर म्हणाले, मी आश्वासन देतो, तर आपणही म्हणायचं, मी आश्वासन देतो. ते चिडले की आपण चिडायचं, पण बेतानं. आपला असा 'मी' खोलीच्या बाहेर चपलांबरोबर ठेवून यायचा.

इंग्रजीत हे सोपं आहे. मराठीत 'मी' म्हटलं की क्रियापद लगेच विचारतं, बाई की बुवा? देतो की देते? यावर आमच्यात पुष्कळ वाद झाले आणि शेवटी ठरलं की बोलणारा पुरुष असेल तर 'देतो', बाई असेल तर 'देते', दुभाषी कुणीही असो. त्यामुळे मी दिवसभर देतो-घेतो-सांगतो करायची, आणि पाटणकर एकदा एका महिला सदस्याच्या भाषणात आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मी दोन मुलींची आई म्हणून इथे उभी आहे." मी तोंडात पदर कोंबला होता.

नकारात मात्र मराठी भाषा माणसाला सोडून देते. 'मी देत नाही', 'मी करू शकत नाही'. यात बाई-बुवा काही कळत नाही. मंत्री 'नाही' म्हणाले की मला उगाच बरं वाटायचं. तेवढ्या वाक्यापुरती मी कुणीही असू शकत होते, अगदी मीसुद्धा.

या सगळ्याची सर्वांत जास्त चेष्टा माझ्या मोठ्या भावानं केली. दादा काटोलजवळ आमच्या गावीच राहिला. वडिलांनी लावलेला संत्र्याचा बगीचा त्यानं वाढवला, जपला, आणि नागपुरात शिकायला गेलेली बहीण दिल्लीला नोकरीला लागली तेव्हा संत्र्याची पेटी घेऊन स्टेशनवर आला. मी लग्न केलं नाही. माहेर म्हणजे दादा आणि वहिनी, बस. पुढे फोनवर हवी ती भाषा निवडून सभागृहाचं कामकाज ऐकायची सोय झाली, तेव्हापासून दादा खळ्यावर बसून मला ऐकायचा. पहिल्या दिवशी मी एका मंत्र्यांसाठी बोलले आणि थोड्या वेळानं त्याचा फोन आला.

"काय म्हन्तो गा, शोभाराव?"

आमच्याकडे बाईला 'वं' म्हणतात आणि बाप्याला 'गा'. लहानपणापासून मी त्याची 'वं शोभे' होते. त्या दिवसापासून 'गा शोभाराव' झाले ते झालेच. वहिनी रागवायची, "बहीण हाय तुमची, बैल नाही, गा काय गा?" तर तो म्हणायचा, "अवं, सोताच्या तोंडानं म्हनून राहिला, मी सांगतो, मी करतो. मंग मी काहून वं म्हनू?"

दादा आता नाही. आजही फोन वाजला की क्षणभर वाटतं, पलीकडून 'गा' ऐकू येईल. हा लेख कामाविषयी लिहा असं संपादकांनी सांगितलं होतं. मी कामाविषयीच लिहायला बसले, पण ज्या दिवसांची आठवण येते त्या प्रत्येकात तो आहे. त्याला वगळून मला लिहिता येणार नाही, आणि खरं सांगायचं तर लिहायचंही नाही.

परराष्ट्र धोरणावरची चर्चा ही दुभाष्याची परीक्षा. तिथे चिंता, तीव्र चिंता, खेद आणि निषेध यांच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. चिंतेच्या जागी चुकून खेद गेला तर आपण आपल्या तोंडानं देशाला दोन पायऱ्या वर चढवून ठेवतो. एकदा शेजारच्या देशातल्या कुठल्याशा घडामोडीवर मी सबंध दुपार चिंता व्यक्त केली. दादानं विचारलं, "चिंता व्यक्त केली म्हंजे नेमकं का केलं?"

"काही नाही केलं, दादा. व्यक्त केली."

"हे त आपली आई बी करत होती," तो म्हणाला.

हवामानाच्या चर्चा बहुधा जेवणानंतर. बाकं अर्धी रिकामी, आणि शब्द मोठे मोठे. उत्सर्जन, तापमानवाढ, अनुकूलन. अनुकूलन हा शब्द मी इतक्या वेळा उच्चारला की त्याचा अर्थ मला लागेनासा झाला होता. दादाला सांगितलं, हवामान बदलतंय, तर त्याप्रमाणे आपणही बदलायचं, याला अनुकूलन म्हणतात. तो म्हणाला, "म्हंजे ज्यानं बिघडवलं तो तसाच राहीन, आन् संत्र्यानं बदलाचं?" मला हसू आलं, पण तो हसत नव्हता. त्या वर्षी उन्हाळ्यानं लिंबाएवढी झालेली फळं झाडाखाली सडा पडावा तशी पडली होती. वहिनीनं टोपल्यांनी गोळा करून उकिरड्यावर टाकली होती.

संत्र्याचं एक सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. संत्र्याला बहार यावा म्हणून हिवाळ्यात काही आठवडे त्याचं पाणी तोडतात. झाड मलूल होतं, पानं वळतात. मग पाणी दिलं की ते फुलतं. याला ताण देणं म्हणतात. मधेच अवकाळी पाऊस आला की ताण मोडतो, आणि तो बहार गेला. पूर्वी हे कधीमधी व्हायचं. दादाच्या शेवटच्या वर्षांत ते जवळजवळ नेमानं होऊ लागलं.

आमच्या भागातले एक सदस्य प्रादेशिक विकासाच्या चर्चेत मराठीत बोलणार होते. तशी सूचना त्यांनी आधी दिली होती, म्हणून मी आणि पाटणकर त्यांच्या मुद्द्यांवर सराव करत बसलो होतो. त्यात अनुशेष होता, रखडलेली धरणं होती आणि संत्रा होता. ताण मोडल्याचं वाक्य आलं आणि पाटणकरांनी सफाईनं हिंदी केलं, "पेड़ तनाव में हैं." मी हसून हसून पडायची राहिले. ते बिचारे लवंग चघळत बघत बसले. मी त्यांना ताण म्हणजे काय ते समजावलं, आम्ही शब्द बदलला, आणि प्रत्यक्षात सगळं नीट पार पडलं. त्या रविवारी हा किस्सा मी दादाला रंगवून सांगितला. मला वाटलं, फोनवर लोळून हसेल.

"बरोबरच त बोलला तो," दादा म्हणाला. "तनावातच हायेत झाडं."

मग ते वर्ष आलं. आपली संत्री ज्या शेजारच्या देशात सर्वांत जास्त जायची, त्या देशानं आयातीवरचं शुल्क इतकं वाढवलं की काटोलच्या बाजारात ट्रक भरेनात. व्यापारी बगीचा बघायला येत आणि चहा पिऊन जात. गावात लोक झाडं काढू लागले. दादाचं मन दोन्हीकडे ओढत होतं. कर्ज नव्हतं, पोटाचा प्रश्न नव्हता. कापूस, तूर घेऊन त्याचं भागलं असतं. पण वडिलांच्या हातची झाडं होती. ती ठेवायची की काढायची, एवढाच प्रश्न होता, आणि तो त्याला जेवू देत नव्हता.

त्याच अधिवेशनात संत्र्यावर प्रश्न आला. उत्तराच्या वेळी माझी पाळी होती. मंत्री हिंदीत बोलत होते, शांतपणे, कागद न बघता. मी त्यांच्या अर्धं वाक्य मागे होते, आणि मला माहीत होतं की दादा खळ्यावर बसला आहे. दुभाष्यानं असं कुणाला डोळ्यासमोर आणायचं नसतं. मी आणलं. मंत्री म्हणाले त्याच्यापेक्षा एक शब्दही जास्त बोलले नाही, पण आवाज माझा होता आणि तो त्या दिवशी भरून आला होता. "मी सभागृहाला आश्वासन देतो की हा विषय संबंधित देशापुढे सर्वोच्च पातळीवर मांडला जाईल."

दादाचा फोन आला तेव्हा मी खोलीबाहेर पाणी पीत होते.

"मस्त बोलला गा, शोभाराव. मायं त मनच भरून आलं." मग म्हणाला, "एक सांग. देतो का देते?"

मला कळलंच नाही. "काय, दादा?"

"तू म्हनली ना, आश्वासन देतो. त थे मंत्र्याचं झालं. तुयं का हाय? तुले का वाटते, होईन का काही? देते का तू?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. वरिष्ठांनी नाही, पाटणकरांनी नाही, मी स्वतःलाही नाही. रोज दुसऱ्यांची मतं तोंडानं वाहणाऱ्या बाईला तिचं मत विचारणारा माणूस मला एकच मिळाला, आणि त्याला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. 'विषय मांडला जाईल' म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. विषय मांडला जातो, खरंच मांडला जातो. पण शुल्क ज्यांचं, निर्णय त्यांचा, आणि त्यांच्याकडेही त्यांचे बागवाले असतात. चिंता आणि खेदाच्या पायऱ्या मी आयुष्यभर मोजल्या होत्या. भावाला खोटा धीर देणं मला जमलं नाही.

"देतो, दादा," मी म्हणाले. "नुसतं देतो."

"बरं," तो म्हणाला. "बरं झालं सांगतलं."

पुढच्या हंगामापर्यंत काही बदललं नाही. थंडीत पाऊस झाला, ताण मोडला. दादानं निरोप पाठवला, ये. मी रजा काढून गावी गेले. जेसीबी झाडाला खालून दात लावत होता आणि झाड मुळासकट वर येत होतं. संत्र्याच्या मुळांनाही वास असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. हिरवा, तिखट वास, फळाच्या सालीसारखाच. वहिनी घरातून बाहेरच आली नाही. दादा बांधावर पाठमोरा उभा होता.

मी जवळ गेले तर म्हणाला, "तू 'देते' म्हनली असती ना गा, त मी ठेवली असती."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो नुसतं सांगत होता. मी म्हटलं, "म्हणूनच नाही म्हटलं, दादा." त्यानं मान हलवली. एक झाड मात्र त्यानं ठेवलं, विहिरीजवळचं. ते अजून आहे. फळं आंबट लागतात.

मी निवृत्त होऊन नागपुरात, बेसा भागात फ्लॅट घेतला. दिल्लीत शेवटच्या दिवशी पाटणकरांनी मला लवंगांची पुडी दिली आणि म्हणाले, "आता तुमचं तुम्हाला बोलायला मोकळीक." मीही तशी खूश होते. पण सवय विचित्र असते. बसमध्ये कुणी हिंदीत बोललं की मनातल्या मनात मराठी सुरू व्हायची. बर्डीच्या बाजारात दुकानदार भाव सांगायचा आणि मी ओठ हलवायची.

गावाहून दादाला नागपूरला आणलं ते झाडं काढल्यानंतर दुसऱ्या पावसाळ्यात. पोटात दुखतं म्हणून बरेच दिवस अंगावर काढलं होतं. तपासण्या झाल्या, औषधं झाली, पुन्हा तपासण्या झाल्या. तो वाळत गेला, पण जीभ शाबूत होती. नर्सला म्हणायचा, "हे आमचे शोभाराव, दिल्लीत मंत्री होते." ती बिचारी मला उठून नमस्कार करायची.

एका सकाळी मोठे डॉक्टर आले. केरळकडचे होते, पुरुष, मऊ आवाजाचे, मराठी येत नव्हतं, हिंदीही जेमतेम. आमच्यापैकी कुणाला बाहेर बोलावून कुजबुजण्याची त्यांची रीत नव्हती. खुर्ची ओढून दादाच्या उशाशी बसले, त्याचा हात हातात घेतला आणि त्याच्याच डोळ्यांत बघून इंग्रजीत सावकाश बोलू लागले. वहिनी पायाशी बसली होती.

दादानं माझ्याकडे पाहिलं. "का म्हन्ते डाक्टर?"

यानंतर जे झालं ते मी ठरवून केलं नाही. डॉक्टर बोलत होते आणि मी अर्धं वाक्य मागून सुरू झाले, जशी आयुष्यभर होत आले तशी. डोकं काम करत नसलं की सवय काम करते. "मी तुमच्या सगळ्या तपासण्या नीट पाहिल्या," मी म्हणाले. "औषधांचा जेवढा उपयोग व्हायचा तेवढा झाला." पुढच्या वाक्यात डॉक्टरांचं 'नाही' आधीच येऊन उभं राहिलं. ते मला कळलं आणि ते तोंडात धरून मला वाक्य शेवटपर्यंत न्यावं लागलं. त्याहून लांब वाक्य मी कधी बोललेले नाही.

"तुम्हाला बरं करण्यासाठी... मी आता... यापुढे काही करू शकत नाही."

डॉक्टर थांबले. मीही थांबले. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय बोलले होते, कुणाच्या तोंडानं, आणि कुणाला. 'शकतो' नाही, 'शकते' नाही. नकारात मराठीनं मला एकटं सोडलं होतं, आणि ते वाक्य नुसतं माझं होऊन आमच्या दोघांमध्ये पडलं होतं.

मला सांगायचं होतं, दादा, हे डॉक्टर म्हणतात. तेवढं एक वाक्य, जे या धंद्यात कधी म्हणायचं नसतं. ते ओठांपर्यंत आलं आणि फुटलं नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वहिनीनं पदर तोंडाला लावला.

दादा माझ्याकडे बघत राहिला. त्याला समजलं होतं की नव्हतं, डॉक्टरांचं म्हणून ऐकलं की माझं म्हणून, मला आजही सांगता येत नाही. त्यानं डॉक्टरांच्या हातातून आपला हात हळूच सोडवला आणि माझ्याकडे केला.

"काहून रडतं वं शोभे?" तो म्हणाला. "तुले कोन म्हन्ते काही करायले? तू नुसती बस माह्याजवळ."

किती तरी वर्षांनी त्यानं मला 'वं' म्हटलं होतं. डॉक्टर खुर्चीवरून उठले आणि त्यांनी ती माझ्याकडे सरकवली.

"बसते, दादा," मी म्हणाले. "मी बसते."